घरातल्या दोन बेब्या

अण्णा, तुमची बेबी परवा दिसली. तुमची म्हणजे तीच नव्हे, तिच्या जातीची. गंगापूर रोडला एका मैदानात जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरलं होतं, आणि नातसून मला हट्टाने घेऊन गेली. राजेरजवाड्यांच्या लांबलचक मोटारी रांगेने मांडल्या होत्या आणि त्यांच्यापुढे ही झुंबड. ती बिचारी पार टोकाला कडुलिंबाखाली उभी होती, भोवती दोरी बांधलेली, जत्रेत हरवलेल्या पोरीसारखी. मी दोरीखालून वाकून आत गेले आणि बॉनेटवर हात ठेवला. एक तरुण धावत आला. "आजी, प्लीज हात नका लावू, फार जुनी आहे ती." मी म्हटलं, "माझ्याएवढीच आहे. आणि तू तिच्या पेट्रोलचा नळ उघडा ठेवलायस, वास येतोय बघ." तो गुडघ्यावर बसला, खाली डोकावला, आणि ओशाळून नळ बंद करून आला. मग मात्र त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पुढचा अर्धा तास मला काही हात लावू नका म्हटलं नाही. नातसून लांबून बघत होती. सासूची सासू अशी कशी, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं.

मोटारीपुढे एक पाटी होती, इंग्रजीतली. तिच्यावर तिचा सगळा इतिहास होता, पण किती कोरडा! तुम्ही तो सांगायचात तेव्हा ओट्यावर जमलेल्या माणसांचा चहा गार व्हायचा. सात घोड्यांची मोटार, तुम्ही सुरुवात करायचात, आणि सात हा आकडा असा उच्चारायचात की ऐकणाऱ्याला सूर्याचा रथच आठवावा. पहिलं महायुद्ध संपलं होतं, विलायतेत मोठ्या मोटारी कुणी घेईना. तिथला साधा माणूस मोटारसायकलीला बाजूने डबा जोडायचा, त्यात बायको, बायकोच्या मांडीवर पोर, आणि वरून पाऊस. एका कारखानदाराच्या मनात आलं की ह्या माणसाला त्याच जागेत मावेल अशी मोटार का देऊ नये? त्याचेच भागीदार हसले. मग त्याने काय केलं, तर कारखान्यातला एक नकाशे काढणारा उचलला, आपल्या घरी आणला, बिलियर्डच्या टेबलावर कागद पसरले आणि दोघांनी मिळून मोटार काढली. आणि तो नकाशे काढणारा किती वर्षांचा? इथे तुम्ही थांबायचात. "अठरा," तुम्ही म्हणायचात, आणि सगळ्यांकडे असे बघायचात जणू तो तुमचाच भाचा. लोक तिला खेळणं म्हणाले, बाळ म्हणाले, त्यांच्या भाषेत बेबी, आणि तेच नाव जगभर झालं. मी एकदा मधेच विचारलं होतं, "पोरीने काढली असती का हो अण्णा?" तुम्ही म्हणालात, "पोरीने काढली असती तर इंजिनाच्या आधी आरसा बसवला असता." सगळे हसले. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. तुमच्या लक्षातही आलं नसेल, पण माझ्या अजून आहे.

आपल्याकडे ती आली तेव्हा मी दहा वर्षांची होते. देवळालीच्या कॅम्पातला एक गोरा कॅप्टन मायदेशी परत निघाला होता आणि ही त्याच्या शेडमध्ये दोन पावसाळे नुसती पडून होती. तुम्ही नाशिक रोडच्या छापखान्यात यंत्रावर होतात. आपलं घर तांबट आळीत, आजोबा-पणजोबांनी जन्मभर तांब्याचे हंडे ठोकले, आणि तुम्ही एकटे हातोडा ठेवून छापखान्याच्या यंत्रापुढे जाऊन उभे राहिलात. जाताना सहा मैल, येताना सहा मैल, हा रोजचा रस्ता तुम्ही सायकलने करायचात. अशा माणसाच्या घरी मोटार! आळीत कुणाचाच विश्वास बसला नाही, आणि ती ज्या थाटात आली ते बघून बसण्यासारखाही नव्हता. टांगेवाल्या चाचांच्या घोड्याने तिला देवळालीहून ओढत आणलं होतं. तुम्ही आत सुकाणू धरून बसलेले, ताठ, लग्नाच्या वरातीत बसावं तसे. चाचा पुढून ओरडत होते, "हटो, हटो, अण्णाची बेबी आली! अजून रांगतीच हाय, चालायला शिकवायची हाय!"

आणि आईने कपाळाला हात लावला. कारण घरात एक बेबी आधीच होती. मी मिशनच्या दवाखान्यात जन्मले, तिथल्या गोऱ्या नर्सने मला आईच्या हातात देताना बेबी म्हटलं, आणि बारशाला ठेवलेलं चांगलं नाव बाजूला पडून हेच मला चिकटलं. आता मोटारही बेबी. तुम्हाला दोघींना वेगळं म्हणायचं सुचलंच नाही, किंवा सुचलं असेल आणि त्यातली गंमत सोडवली नसेल. बोळातून आत येतानाच तुम्ही हाक मारायचात, "बेबी, तहान लागली असेल ना गं?" आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यावं, तर तुम्ही रेडिएटरचं झाकण उघडून उभे. एकदा तुम्ही आईला सांगितलंत, बेबी फार तापली आहे, आज बाहेर काढत नाही. हे शेजारच्या काकूंनी ऐकलं. तासाभरात त्या गवती चहाचा काढा घेऊन आल्या आणि मी नाही नाही म्हणत असताना तो मला पाजून गेल्या. तुम्ही कोपऱ्यात उभे राहून खोकल्याचं सोंग करत होतात. आम्हा दोघींवरून आळीत असे किस्से किती झाले, त्यांची मोजदाद नाही.

तीन महिन्यांचे सगळे रविवार तुम्ही तिच्याखाली झोपून काढलेत. चाचांनी टांग्याचा टप शिवतात तसल्या जाड दोऱ्याने तिचा फाटका टप शिवून दिला. मी तुमच्या शेजारी उकिडवी बसलेली असायची. पाना द्यायचा, चिंधी द्यायची, आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा, एवढं माझं काम. एका रविवारी हॅण्डल मारून मारून तुमचा हात भरून आला तरी ती सुरू होईना, तेव्हा मी तिच्या बॉनेटवर चापट मारली आणि म्हणाले, "रुसली आहे मेली!" तुम्ही उठून बसलात. तुमचा आवाज मी तेवढा कडक कधीच ऐकला नव्हता. "यंत्र रुसत नाही, बेबी. रुसतात ती माणसं. यंत्राला कारण असतं. कारण सापडत नाही तोवर आपण गाढव, यंत्र नव्हे." मी रडकुंडीला आले होते. मग तुम्ही मला जवळ ओढलंत, मॅग्नेटोचं झाकण काढलंत आणि आतले दोन इवलेसे पॉइंट दाखवलेत. ते एकमेकांना चिकटतात, सुटतात, आणि सुटले की ठिणगी पडते. त्यांच्यावर काजळी धरली होती. तुम्ही खिशातून टपालाचं कार्ड काढलंत, त्याची कड दोन पॉइंटांच्या मधून हळूच फिरवलीत, झाकण लावलंत आणि म्हणालात, "आता तू मार हॅण्डल." पहिल्या झटक्यात सुरू झाली. तिचा तो आवाज, शिवणयंत्रासारखा, कसलाही मोठेपणा नसलेला. पुढच्या दसऱ्याला तुम्ही मला सोनं म्हणून आपट्याच्या पानाबरोबर एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर दिलात, सायकलच्या स्पोकला घासून घासून केलेला, मूठ तांब्याची, मूठ ठोकायला तुमचा सोडलेला हातोडा तुम्ही माझ्यासाठी पुन्हा हातात घेतला होता. पोरीला कुणी असलं काही देतं का, म्हणून आई कुरकुरली. मला मात्र आयुष्यात पुढे जे काही सोनंनाणं मिळालं, त्याने तेवढा आनंद झाला नाही.

आणि मग आपण निघतो. मला अजून हे असंच आठवतं, आत्ता घडत असल्यासारखं. रविवारची सकाळ आहे. आपल्या बोळात शिरू शकणारी अख्ख्या नाशकातली ही एकच मोटार, तरी दोन्ही बाजूंना वीतभरच जागा उरते आणि ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या पाय वर घेतात. पुढे तुम्ही आणि आई, मागच्या फळीएवढ्या जागेत मी आणि पोळ्यांचा डबा. गोदावरीच्या काठाकाठाने पुढे जातो. त्या मोटारीचा क्लच एवढा तोकडा की पायाचा अंगठा हलला तरी ती बेडकासारखी उडी मारते, आणि प्रत्येक उडीला आई "अगबाई" म्हणते. ब्रेकही दोन तऱ्हांचे, पायाचा मागच्या चाकांना, हाताचा पुढच्या, त्यामुळे उतारावर तुम्ही तबला आणि पेटी एकदमच वाजवताय असं दिसतं. सोमेश्वरच्या रस्त्याला चढ लागला की तुम्ही मागे न बघता म्हणता, "उतरा." आम्ही उतरतो, शेजारून चालत जातो, कधीकधी तिच्या पुढेही जातो. आई पदर सावरत म्हणते, "चालतच यायचं होतं तर मोटार कशाला?" आणि तुम्ही हसत नाही, कारण तुमचा कान इंजिनाकडे असतो. चढ संपल्यावर झाडाखाली ती उभी राहते, तिच्या पत्र्यातून गार होताना टिकटिक आवाज येतो, आणि तुम्ही पोळीचा पहिला तुकडा मोडायच्या आधी तिच्याभोवती एक फेरी मारता. अण्णा, मी पुढे खूप हिंडले. नवऱ्याबरोबर काश्मीर पाहिलं, मुलाने विमानात बसवलं. पण कुठेतरी निघालो आहोत असं मला त्यानंतर कधी वाटलंच नाही. नुसतं पोचल्यासारखं वाटलं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

मी इंग्रजी पाचवीत होते, आता तिला नववी म्हणतात, चौदा पुरी झाली होती. त्या वर्षी पंचवटीतले एक कंत्राटदार तुमच्या मागे लागले होते, मोटार मला द्या म्हणून. तुम्ही हो म्हणत नव्हतात आणि धड नाहीही म्हणत नव्हतात, आणि मी रोज धसका घेऊन होते. अशात एका गुरुवारी विंचूरहून आत्या आली. तुमची थोरली बहीण, लहानपणी आई गेल्यावर तुम्हाला तिनेच वाढवलं, तिच्या शब्दाबाहेर तुम्ही जात नव्हतात. ती विंचूरला भांड्यांच्या दुकानवाल्यांच्या घरी दिलेली, आणि तिथल्या बोलण्याची ढब तिच्या अंगात पुरती मुरली होती. संध्याकाळी मी माजघरात दिव्याच्या काचा पुसत होते आणि स्वयंपाकघरातून तुमचं बोलणं ऐकू येत होतं.

"रविवारी सकाळच्या गाडीनं येत्यात," आत्या म्हणाली. "बेबीला बघतील. पसंत पडली तर लय दिवस लावायचे नाय म्हणत्यात."

तुम्ही चुलीतलं लाकूड आत सरकवलंत. मग म्हणालात, "एवढ्यात नको वाटतं गं. हाताखाली घडवलेली. द्यायला जीव होत नाही."

"आज ना उद्या द्यायचीच हाय. माणसं चांगली हायेत तवर देऊन टाक. तू मोटार घेऊन ठेसनावर जा, त्यांना घेऊन ये. तेवढाच रुबाब."

माझ्या हातातली काच फुटली. मोटार जाणार. कंत्राटदार नाही तर विंचूरचे कुणीतरी, पण मोटार जाणार. शुक्रवार आणि शनिवार मी कसे काढले ते मलाच ठाऊक. आईने रव्याचे लाडू वळायला घेतले, बैठकीवरची चादर बदलली, आत्या दोनदा माझ्या केसांना तेल लावून गेली. मोटार बघायला येणाऱ्यांनाही माणूस लाडू देतोच की, असं मी मनाशी म्हटलं. रविवारी पहाटे तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा मी बोळात गेले. मॅग्नेटोचं झाकण काढलं, पॉइंट बोटाने किंचित उचलला, पतंगाच्या कागदाचा बोटभर लांब तुकडा घडी घालून मधे सरकवला, झाकण लावलं. कागद मधे असला की पॉइंट चिकटत नाहीत, चिकटले नाहीत की ठिणगी नाही. हे तुम्हीच शिकवलं होतंत. जी सुरूच होत नाही ती मोटार कोण घेणार?

तुम्ही आलात. पांढरं धोतर, लांब कोट, डोक्याला पगडी. हॅण्डल मारलंत. एकदा, दोनदा, दहादा. कोट काढलात. पेट्रोल पाहिलंत. प्लग काढून पाहिलात. आत्या ओट्यावर उभी राहून सारखं म्हणत होती, "अरे गाडी यायची येळ झाली! राहू दे तो खटारा!" तुमचा हात मॅग्नेटोच्या झाकणावर गेला. झाकणाच्या स्प्रिंगवर तुमचा अंगठा होता. तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी चाचांचा टांगा येऊन थांबला, आत्यानेच कुणाला तरी पाठवून बोलावलेला. तुम्ही घड्याळ पाहिलंत, हात पुसलेत, कोट चढवलात. आणि जाताना माझ्याकडे वळलात. मला वाटलं, आता विचारणार. तर तुम्ही म्हणालात, "बेबी, तू बघून ठेव गं तोवर. तुला सापडेल कारण."

टांगा वळल्याबरोबर मी तो कागद काढून चुलीत टाकला.

तुम्ही दुपारी परत आलात ते एकटेच. गाडी वेळेवर आली होती. मोटार येणार म्हणून ती माणसं स्टेशनाबाहेर उन्हात तासभर उभी राहिली, आणि मोटार तर नाहीच, टांगाही दिसेना, तेव्हा मुलाच्या चुलत्याचं डोकं फिरलं. मोटारीचा डौल दाखवायला बोलावलं आणि चेष्टा केली, असं हमालांना सांगत ती मिळेल त्या गाडीने परत निघून गेली. चाचा मान खाली घालून म्हणाले, "अण्णा, माझ्या घोड्यानं कसूर नाय केली हो." तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवलात. आत्या आत भांडी आपटत होती आणि तेव्हाच, तिच्या बडबडीतून, मुलाचा चुलता म्हणजे काय ते सगळ्या आळीला ऐकू गेलं. बघायला येणार होते ते मला. पसंत पडले असते तर त्या उन्हाळ्यात पाचवीतून उठून मी विंचूरच्या दुकानामागच्या स्वयंपाकघरात गेले असते.

तुम्ही बोळात आलात. मी मोटारीपाशी उभी होते, हातात तो तांब्याच्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर. "सापडलं का कारण?" तुम्ही विचारलंत. माझ्यावर रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही खरंच विचारत होतात, छापखान्यात जोडीदाराला विचाराल तसं. मी म्हणाले, "नाही सापडलं, अण्णा." तुम्ही हॅण्डल लावून एक झटका दिलात आणि ती सुरू झाली. तोच शिवणयंत्राचा आवाज. तुम्ही उभे राहून तो ऐकत राहिलात, मग इंजिन बंद केलंत, पुन्हा झटका दिलात. पुन्हा सुरू. तुमच्या चेहऱ्याकडे मी बघू शकले नाही. तुम्ही मोटारीकडे बघून म्हणालात, "रुसली असेल."

अण्णा, त्या दोन शब्दांची मला आजही भीती वाटते. यंत्राला कारण असतं, ही तुमची पूजा होती, दुसरी कुठली पूजा करताना मी तुम्हाला पाहिलं नाही. ती मी एका पतंगाच्या कागदाने मोडली. तुम्ही पंधरा दिवसांत कंत्राटदारांना हो म्हणालात. आई म्हणाली, अहो, आवडती तुमची, कशाला देता? तर तुम्ही म्हणालात, भरवसा राहिला नाही. कंत्राटदारांचा माणूस तिला घेऊन जाताना तुम्ही बाहेरही आला नाहीत. मी ओट्यावर उभी होते. क्लच त्याला जमेना, बोळाच्या तोंडापर्यंत ती उड्या मारत गेली. तुम्ही पुन्हा सायकल काढलीत. आणि आत्याची माया, तीही तुम्ही गमावलीत! तिच्या सासरी तिची शोभा झाली, आणि त्या वर्षीच्या भाऊबीजेला ती आली नाही. तुम्ही पाट मांडून दुपारपर्यंत बसलात, मग भाड्याने माणसं नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीत बसून स्वतःच विंचूरला गेलात. तिने ओवाळलं, पण बोलली नाही. परत आल्यावर कपाळावरचं कुंकू तुम्ही तसंच राहू दिलं होतंत. ते दुसऱ्या दिवशी छापखान्यात जातानाही होतं.

मला मात्र सगळं मिळालं. त्या भानगडीनंतर बराच काळ कुणी माझ्या लग्नाचं नाव काढलं नाही, आणि तेवढ्या काळात मी मॅट्रिक झाले. निकाल लागला तेव्हा तुम्ही आळीभर पेढे वाटलेत, स्वतःच्या हाताने, घरोघरी. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. मी पुढे शिकले, शाळेत गणित शिकवलं, माझ्या मनाने लग्न केलं. कुठल्याही वर्गात एखादी मुलगी म्हणाली की बाई, उत्तर येतच नाही, की मी तुमच्याच आवाजात म्हणायची, कारण शोध. मुली मला कडक म्हणायच्या. मुलींना काय ठाऊक, की बाईंनी स्वतः एकदा सापडलेलं कारण नाही सापडलं म्हणून सांगितलं होतं.

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी आईला ही हकिगत सांगितली. बेबीला बघायला येणार हे ऐकून मला मोटारच वाटली, म्हणून मी मोटार बिघडवली, आणि मोडलं माझंच लग्न! आई इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. हसता हसता ती मधेच थांबली आणि म्हणाली, "त्यांना सांगायला हवं होतंस गं. फार दिवस झोपले नव्हते." पण मग पुन्हा हसली. तेव्हापासून ती आपल्या घराची गोष्टच झाली. मुलांना सांगितली, नातवंडांना सांगितली, परवा प्रदर्शनातून परत येताना नातसुनेलाही सांगितली. प्रत्येक वेळी तीच वाक्यं, त्याच जागी हशा. सांगून सांगून मला इतकी तोंडपाठ झाली आहे की आता तुम्हाला लिहितानासुद्धा मी तीच लिहून मोकळी झाले. वर वाचलीत ना तुम्ही? तीच.

अधूनमधून मनात येतं की तुम्हाला कळलं होतं. पहिल्याच झटक्यात ती सुरू झाली तेव्हाच कळलं असेल, कळूनही माझ्यावर पांघरूण घातलंत. तसं असतं तर मला किती बरं वाटलं असतं! पण मग मोटार दिली नसतीत. तुम्हाला कळलं नव्हतं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, आणि तिच्यावरचा काढून घेतलात.

हे पत्र कुठे टाकणार मी? नाशिकला आता टपालपेट्याही शोधाव्या लागतात, आणि तुमचा पत्ता माझ्यापाशी नाही. घडी करून कपाटात ठेवीन. माझ्यामागे कुणी वाचलं तर हसतील, पहिल्या अर्ध्यालाच हसतील. पण तुम्हाला तरी खरं कळायला हवं. त्या गुरुवारी माजघरात मी काचा पुसत होते, दार अर्धं उघडं होतं. आत्याने मला जन्मात कधी बेबी म्हटलं नाही, तिला ते नाव किरिस्तावी वाटायचं. ती म्हणाली होती, "पोरीला बघतील." आणि तुम्ही जे म्हणालात तेही मी अर्धंच लिहिलं. एवढ्यात नको वाटतं गं, म्हणालात, आणि पुढे म्हणालात, "शाळा चालू आहे तिची." तुम्ही माझ्या बाजूने होतात. मी उठून आत आले असते, तुमच्यापुढे उभी राहून नको म्हणाले असते, तर तुम्ही मला दिलं असतंत का? मी विचारलंच नाही. मला तुमची खात्री वाटली नाही, अण्णा, मोटारीची वाटली. मला सगळं नीट ऐकू आलं होतं.